पोर्टोपल्मनरी हायपरटेन्शन

यकृताच्या आजारामुळे पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला) दाब वाढलेला असताना फुप्फुसांच्या धमन्याही जाड व अरुंद होतात आणि उजव्या हृदयावर भार येतो, त्या विकाराचे हे नाव. त्याचे पहिले वर्णन १९५१ मधले. यकृत किती बिघडले आहे यावरून याची तीव्रता ओळखता येत नाही.

दम लागणे आणि पाय सुजणे ही लक्षणे सिरॉसिसमध्येही (यकृत कडक होऊन आक्रसते त्या आजारातही) असतात, म्हणून विकार नजरेतून सुटतो. यकृत प्रत्यारोपणाच्या प्रत्येक उमेदवाराचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. उजव्या कप्प्यातला दाब ५० मिमीच्या वर दिसला तर उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन (शिरेतून नळी घालून आतला दाब मोजणे) टाळू नये. सिरॉसिसमध्ये रक्तप्रवाह मुळातच जास्त असल्याने नुसता दाब फसवतो. फुप्फुसाच्या धमनीचा सरासरी दाब ३२, वेज दाब (डाव्या हृदयाकडचा दाब) १४ आणि प्रवाह मिनिटाला १० लिटर असेल तर रोध, म्हणजे दोन दाबांतला फरक भागिले प्रवाह, फक्त १.८ वुड एकके (रोधाचे माप) येतो. हा तो विकार नव्हे. दाब ५०, वेज १० आणि प्रवाह ५ लिटर असेल तर रोध ८ होतो. सरासरी दाब ४५ वा अधिक म्हणजे आजार गंभीर.

उपचारात पहिले पाऊल औषध बंद करण्याचे असू शकते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दिलेले प्रोप्रॅनोलॉल उजव्या हृदयाची ताकद काढून घेते. त्याऐवजी एंडोस्कोपीने बँड बांधावेत. टिप्स (पोर्टल शिरेतल्या रक्ताला यकृतातून आडवाट देणारी नळी) टाळावी, कारण तिने उजवीकडे एकदम जास्त रक्त येते. रक्त पातळ करणारी औषधेही सरसकट देऊ नयेत. सूज व जलोदरासाठी फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन द्यावे, पण बेताने: शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडे बिघडतात.

धमन्या सैल करायला सिल्डेनाफिल (सहसा २० मिग्रॅ, दिवसातून तीनदा) सोयीचे. नायट्रेट (हृदयविकारातल्या छातीदुखीचे औषध) किंवा रिओसिग्वाटसोबत (धमन्या सैल करणारे दुसरे औषध) ते कधीच देऊ नये. मॅसिटेंटानच्या १० मिग्रॅ मात्रेने पोर्टिको चाचणीत रोध घटला, मात्र चाइल्ड-प्यू 'सी' (यकृत सर्वांत जास्त बिघडलेल्या गटातले) रुग्ण त्या चाचणीत नव्हते. बोसेंटान यकृतालाच इजा करू शकते. आजार गंभीर असेल तर इपोप्रोस्टेनॉल मध्यवर्ती शिरेतून पंपाने अखंड द्यावे लागते. रक्तात त्याचे अर्धायुष्य जेमतेम काही मिनिटांचे, त्यामुळे नळी निसटली वा पंप थांबला तर दाब उसळून जीव जाऊ शकतो. प्लेटलेट घटणे आणि प्लीहा वाढणे यांवरही लक्ष हवे.

सरासरी दाब ३५ च्या खाली आणि रोध ५ पेक्षा कमी आला की प्रत्यारोपणाचा विचार होतो. दाब ५० च्या वर असताना शस्त्रक्रिया करू नये. नव्या यकृतात रक्त सोडताच हृदयाकडे लोंढा येतो, आणि बहुधा त्याच क्षणी उजवे हृदय कोलमडते.