उच्चशिक्षितांचे स्थलांतर : मराठवाडा

मराठवाड्यात शिकलेले डॉक्टर, अभियंते, कृषिशास्त्रज्ञ व संगणकतज्ज्ञ परदेशी स्थायिक होण्याचा, आणि तेथून गावच्या घराशी, शेतीशी व संस्थांशी त्यांनी राखलेल्या संबंधांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे.

निजामी अमलात येथील मुलांना पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९७२ मध्ये परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण दाराशी इतके उशिरा आल्यामुळे अनेक कुटुंबांत पहिला पदवीधर आणि परदेशी जाणारा पहिला माणूस यांच्यात जेमतेम एका पिढीचे अंतर आहे, आणि म्हणूनच या स्थलांतरितांचे आईवडील पुष्कळदा अजूनही शेतकरीच असतात.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटापद्धती रद्द केली, तर १९९० च्या कायद्याने उच्चशिक्षितांना तेथे तात्पुरती नोकरी करू देणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची वाट खुली झाली. मराठवाड्यातला विद्यार्थी मात्र सहसा टप्प्याटप्प्यानेच तेथवर पोहोचतो. गावातून तो अकरावी-बारावीला लातूर किंवा नांदेडला येतो, नोकरीसाठी पुणे, हैदराबाद वा बंगळूरला जातो आणि मग परदेशी. देश सोडण्यापूर्वीच मराठवाडा सुटलेला असतो, त्यामुळे केवळ परदेशी गेलेल्यांची मोजदाद करून या प्रदेशाचे नुकसान कळणार नाही.

गावाशी असलेला सर्वांत चिवट धागा जमिनीचा आहे. परकीय चलन व्यवस्थापनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने मिळालेली ठेवता येते. अशी जमीन भावकीतले कोणी बटईने करते. वडिलांच्या पश्चात वारसनोंद, फेरफार आणि वाटणीपत्र यांसाठी मुखत्यारपत्र पाठवावे लागते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला असला, तरी परदेशस्थ बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, ही अपेक्षा गावात आजही उघडपणे बोलली जाते, आणि ती अन्यायकारक आहे.

संस्थांशी संबंध राखणे अधिक अवघड असते. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने परदेशातील आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून आलेली देणगी, ठरत नाही. परंतु त्याच व्यक्तीने परकीय नागरिकत्व स्वीकारले की, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परकीय नागरिकांना भारत सरकार देते ते ओळखपत्र) असले तरी, तिची देणगी विदेशी अंशदान नियमन कायद्याच्या कक्षेत येते आणि ती घेणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. गावातल्या लहानशा शिक्षणसंस्थेला हा कागदोपत्री भार पेलणे कठीण असते, म्हणून आपल्याच शाळेला प्रयोगशाळा बांधून देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्याची मदत अनेकदा कुटुंबापुरतीच मर्यादित राहते.