उपग्रहाचा अंदाज आणि फिश फाइंडरचा पडदा: मासा नेमका दिसतो कुणाला?

मासळी महागली की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "आता तर उपग्रहावरून मासे दिसतात, मग इतकी महाग कशी?" त्यावर दुसरा सांगतो, "उपग्रह कशाला, होडीवरच मशीन असतं. पडद्यावर मासे दिसतात." दोघंही थोडे बरोबर आहेत आणि दोघांची गल्लतही एकच आहे. उपग्रहाच्या माहितीवरून निघणारा 'पीएफझेड'चा अंदाज आणि होडीवरचा फिश फाइंडर या दोन निराळ्या गोष्टी. पहिल्याला मासा दिसतच नाही. दुसऱ्यालाही दिसत नाही, फक्त ऐकू येतो; तोही होडीच्या बुडाखाली असला तरच.

पीएफझेड (पोटेन्शियल फिशिंग झोन) म्हणजे मासळी मिळण्याची शक्यता असलेला समुद्राचा पट्टा. तो ठरवते हैदराबादची इन्कॉइस ही संस्था. समुद्राची माहिती देणारी राष्ट्रीय संस्था समुद्रापासून इतकी लांब का, असं कोकणातल्या माणसाला वाटेलच. पण तिचा कच्चा माल आकाशातून येतो, त्याला बंदर लागत नाही. उपग्रह दोन गोष्टी मोजतात, पाण्याचं तापमान आणि पाण्याचा रंग.

तापमान मोजायचं ते समुद्रातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांवरून. हे किरण येतात पाण्याच्या अगदी वरच्या सालीतून, केसाच्या जाडीहूनही पातळ थरातून. त्याखाली काय चाललंय ते या किरणांना ठाऊक नसतं. रंगाचं गणित वेगळं. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत, म्हणजे वनस्पती प्लवकांत, हरितद्रव्य असतं. ते निळा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्लवक दाटले की निळं पाणी हिरवट होतं. परत येणाऱ्या प्रकाशात निळा किती आणि हिरवा किती, या प्रमाणावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधतात. भारताने यासाठी १९९९ मध्ये ओशनसॅट-१, २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ओशनसॅट-३ सोडला.

आता यात मासा कुठे आला? तो आला साखळीच्या शेवटी. थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे एक सीमा तयार होते. अशा सीमेवर पाणी दोन्ही बाजूंनी ओढलं जातं आणि तरंगणारं खाद्य गोळा होतं. काही ठिकाणी खालचं थंड पाणी वर येतं, सोबत पोषक क्षार आणतं आणि त्यावर वनस्पती प्लवक फोफावतात. त्यांना खायला प्राणी प्लवक येतात, मग तारली आणि बांगडा येतात, त्यांच्यामागे कुपा, म्हणजे ट्यूना. तापमानाची सीमा आणि हरितद्रव्याची सीमा नकाशावर जवळजवळ एकाच जागी पडली, की तिथे मासळी असण्याची शक्यता जास्त. अंदाज एवढाच. अंगणात दाणे पडलेले दिसले तर चिमण्या आल्या असतील किंवा येतील, असं म्हणण्यासारखं.

उपग्रहाला थवा का दिसत नाही, हे एका हिशेबात कळतं. ओशनसॅटचा रंगमापक ७०० हून अधिक किलोमीटर उंचीवरून पाहतो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३६० मीटर बाजूचा चौरस. म्हणजे जवळजवळ ३२ एकर! बांगड्याचा थवा त्या ३२ एकरांच्या सरासरीत कुठेच्या कुठे विरून जातो. शिवाय मासा पाण्यात खाली असतो तो वेगळाच.

या अंदाजाच्या खोडीही आहेत. ढग आले की अवरक्त किरण अडतात आणि रंगही दिसत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ढगांचं कुणाला सोयरसुतक नसतं. पण ऑगस्टमध्ये समुद्र खुला होतो, नारळी पौर्णिमा होते, होड्या निघतात आणि ढग मात्र हलत नाहीत. ज्या दिवसांत नाखवा, म्हणजे होडीचा मालक, सगळ्यात उत्सुक, त्याच दिवसांत उपग्रहाचे डोळे झाकलेले. दुसरी खोड किनाऱ्याजवळची. खाडीच्या तोंडाशी गढूळ पाणी असतं आणि गाळाचा रंग हरितद्रव्याच्या मोजणीत घोळ घालतो. तिसरी अशी, की हिरवं पाणी म्हणजे मासळीच असं नाही. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिलुका नावाच्या जीवाचे हिरवे तवंग पसरतात. उपग्रहाच्या चित्रात ते भरघोस दिसतात, पण तारली-बांगड्याला ते रुचणारं खाद्य नव्हे.

मच्छीमाराच्या हातात हा अंदाज पडतो तो अगदी साध्या रूपात: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतके अंश, इतके किलोमीटर, तिथे पाणी इतकं खोल, आणि अक्षांश-रेखांश. तो मराठीतही निघतो. अडचण असायची पोचवण्याची, कारण किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मोबाइल गप्प होतो. म्हणून २०१९ मध्ये जेमिनी नावाचं एक छोटं यंत्र आलं. ते भारताच्या 'गगन' या सेवेच्या उपग्रहांकडून संदेश घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर दाखवतं. संदेश मात्र एकाच दिशेने येतो. होडीवरून उलट काही कळवता येत नाही. आणि ही माहिती शिळी व्हायला वेळ लागत नाही. वारा आणि प्रवाह त्या सीमा सरकवत राहतात, म्हणून अंदाज एक-दोन दिवस कामाचा. परवाचा अंदाज घेऊन निघणं म्हणजे कालचा पेपर वाचून आजची गाडी पकडायला जाणं.

फिश फाइंडरचं सगळं उलट. त्याला ढगांशी, रंगाशी, हैदराबादशी घेणं-देणं नाही. होडीच्या बुडाला बसवलेला एक भाग खाली ध्वनीचा ठोका सोडतो. आपल्या कानाला न ऐकू येणारा हा आवाज बहुतेक यंत्रांत ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा असतो. ठोका तळावर किंवा वाटेत कशावर आपटून परत आला की यंत्र वेळ मोजतं. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तीस मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा फक्त पंचविसावा भाग लागतो.

माशापासून प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. पालघर-डहाणूकडच्या माणसाला ही पिशवी वेगळी सांगायला नको. घोळ माशाचा बोत तो हाच, ज्याला सोन्यासारखा भाव येतो. माशाच्या मांसातून ध्वनी जवळजवळ पाण्यातून गेल्यासारखाच जातो, पण हवेवर तो जोरात आपटून परततो. म्हणून ज्यांना अशी पिशवीच नाही, ते मुशी (छोटा शार्क) किंवा माकूल (स्क्विड), पडद्यावर फिके दिसतात. कोळंबीचंही तेच.

पडदा वाचताना नवखा माणूस जिथे हमखास फसतो ती जागा सांगतो. पडद्यावरची आडवी रेघ म्हणजे अंतर नव्हे, वेळ. उजव्या कडेला आत्ताचा ठोका, डावीकडे सरकत गेलेले जुने. होडी एका जागी उभी असेल आणि खाली एकच मासा निवांत असेल, तर पडद्यावर लांबलचक पट्टा उमटतो. नवखा म्हणतो, केवढा मासा! पडद्यावर मासे कमानीसारखे दिसतात, त्या कमानींचंही तसंच. ध्वनी खाली शंकूसारखा पसरतो. मासा शंकूच्या कडेला असताना अंतर तिरकं म्हणून जास्त, बरोबर खाली आला की कमी, पलीकडे गेला की पुन्हा जास्त. त्यातून कमान तयार होते, माशाच्या पाठीच्या आकारामुळे नव्हे. आणि हा शंकू फार मोठा नसतो. वीस अंशांचा शंकू धरला, तर तीस मीटर खोलीवर त्याचा घेर जेमतेम दहा मीटर रुंद. पन्नास मीटर बाजूला बांगड्याचा अख्खा थवा उसळत असेल तरी यंत्र मुकाट. बाजूला बघायचं तर 'सोनार' हे आजूबाजूलाही ध्वनी सोडणारं यंत्र लागतं. पर्ससीन जाळ्याच्या मोठ्या होड्यांना ते हवं असतं, कारण त्यांना थव्याला वेढा घालायचा असतो.

ही युक्ती नवी नाही. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ कॉड माशांचे प्रतिध्वनी ऑस्कर सुंड यांनी १९३५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून दाखवले. जपानमध्ये नागासाकीजवळच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मच्छीमारांना विकता येईल असं पहिलं यंत्र काढलं. म्हणजे 'होडीवरचं मशीन' उपग्रहाहून वयाने मोठं आहे. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही, कारण जे उंचावर ते आधुनिक अशी आपली समजूत.

माझ्या मते फिश फाइंडरचा रोजचा खरा उपयोग मासे शोधण्यापेक्षा तळ पाहण्यात आहे. चिखलाचा तळ फिकी, मऊ रेघ देतो, खडप, म्हणजे खडकाळ तळ, असेल तर कडक, ठळक रेघ, कधी तिच्याखाली दुसऱ्या प्रतिध्वनीची आणखी एक. खडपावर ट्रॉलचं, म्हणजे तळावरून ओढायचं, जाळं ओढलं तर फाटतं, आणि जाळ्याचा खर्च एका फेरीत निघत नाही.

तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, दोन्ही वापरतो तेव्हा क्रम ठरलेला असतो. बंदरात डिझेल भरताना प्रश्न असतो कुठल्या दिशेला निघायचं, आणि तिथे पीएफझेड कामाला येतो, कारण त्यामुळे शोधण्यात जाणारा वेळ आणि तेल वाचतं. त्या पट्ट्यात पोचल्यावर प्रश्न बदलतो: जाळं आत्ता टाकायचं की अजून पुढे जायचं? तिथे हैदराबादचा उपयोग नाही, पडदा बघावा लागतो. तळाजवळच्या माशांसाठी निघालेल्या माणसाला तर पीएफझेडचा फारसा आधार नाही. तो अंदाज मुख्यतः वरच्या थरात फिरणाऱ्या मासळीचा. अमुक पट्ट्यात जाऊन कोळंबी मिळाली नाही म्हणून इन्कॉइसला शिव्या देणारा माणूस चुकीच्या दारात भांडतो आहे.

आणि डोल जाळ्यावाल्याचं काय? बोंबील पकडणाऱ्या त्या जाळ्याला समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांचा आधार असतो. तो माशामागे जात नाही. भरती-ओहोटीचा ओघ मासळी जाळ्याच्या तोंडात आणून सोडतो. त्याला उपग्रह सांगणार काय आणि पडदा दाखवणार काय? अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओघ जोरात, म्हणून जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद, तेव्हा तो किनाऱ्यावर बसून जाळी शिवतो.