हतनूरचे दरवाजे उघडले म्हणजे धरण फुल? नाही हो भाऊ

दर पावसाळ्यात आपल्या भुसावळजवळच्या, तापीवरच्या हतनूर धरणाचा एक मेसेज फिरतो, हतनूरचे दरवाजे उघडले, धरण फुल झालं, आता टेन्शन संपलं. अर्धवट आहे हे. दरवाजे उघडे असणं आणि धरण भरलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उलट भर पावसाळ्यात दरवाजे उघडे ठेवून लेव्हल मुद्दाम खाली ठेवतात, कारण मागून किती पाणी येईल नेम नसतो आणि गाळाचं पाणी अडवून धरलं तर धरणच गाळाने भरतं, ते तसंही बरंच भरलंय म्हणा. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 214 मीटर, ती गाठतात पाऊस ओसरायला लागल्यावर.

आणि भुसावळला ऊन पडलंय मग पूर कसला, हा दुसरा प्रश्न. अहो तापी येते मुलताईहून, बऱ्हाणपूर करत, पूर्णा येते विदर्भातून, दोघी चांगदेवला भेटतात. तिकडे ढग फुटला की इकडे कोरड्यात पूर! म्हणून नदीकाठी गुरं, मोटारी, फरशी पूल यांचा हिशोब आपल्या आभाळावर करू नका, विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा बघा. त्यातही तो क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आहे की क्युसेक (सेकंदाला घनफूट) ते नीट वाचा, 1 क्युमेक म्हणजे जवळपास 35 क्युसेक, फॉरवर्ड करणारे हमखास गोंधळ घालतात.

बॅकवॉटर, पक्षी बघायचे तर ऑगस्टात धावू नका, हिवाळ्यात जा. तेव्हा पाणी पसरलेलं असतं आणि बाहेरदेशची बदकं पण आलेली असतात.