अमेरिकी शस्त्रविक्रीला आक्षेप : मुदत कशी मोजायची आणि कुठला कागद हवा

‘अमेरिकी काँग्रेसने अमुक देशाला शस्त्रविक्री मंजूर केली’ अशी बातमी आली की समजावं, मूळ कागद कुणी नीट वाचलेला नाही. काँग्रेसला यात मंजुरी द्यायचीच नसते. 1976 च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याप्रमाणे सरकार काँग्रेसला नियोजित विक्रीची सूचना देतं आणि ठरावीक दिवस थांबतं. तेवढ्यात विक्री रोखणारा कायदा झाला नाही तर व्यवहार पुढे सरकतो. गप्प बसलं की होकार धरला जातो. अमेरिकेत मतदान करणारी आपली माणसं याविषयी तळमळीने फोन करतात, पत्रं लिहितात, आणि बहुतेकांचं म्हणणं चुकीच्या दिवशी चुकीच्या दारात पोहोचतं. म्हणून हे सविस्तर.

आधी अधिकाराचं. अमेरिकेच्या संविधानात शस्त्रविक्रीचा वेगळा उल्लेख नाही. पहिल्या कलमाचा आठवा विभाग परदेशांशी चालणाऱ्या व्यापाराचं नियमन काँग्रेसकडे देतो. सरकारी मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा अधिकार चौथ्या कलमानुसार तिचाच. विक्रीची मुभा राष्ट्राध्यक्षांना मिळते ती काँग्रेसनेच केलेल्या कायद्यातून. पूर्वी दोन्ही सभागृहांनी साधा समवर्ती ठराव (ज्याला राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही) केला तरी विक्री थांबवता येत असे. 1983 मध्ये चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारचा संसदीय नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला, आणि 1986 पासून इथे संयुक्त ठराव आवश्यक झाला. संयुक्त ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते. जे सरकार विकायला निघालंय, त्याच्याच प्रमुखाची सही! ते नकाराधिकार वापरणार, मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवायची. 1986 मध्ये सौदी अरेबियाच्या क्षेपणास्त्रांचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, रेगन यांनी तो फेटाळला, आणि सेनेटमध्ये 66 विरुद्ध 34 मतं पडली. एका मताने हुकलं. या मार्गाने आजवर एकही विक्री थांबलेली नाही.

सूचना प्रत्येक व्यवहाराची येत नाही. मोठ्या युद्धसामग्रीसाठी वर्षानुवर्षं चालत आलेली मर्यादा 1 कोटी 40 लाख डॉलर, आणि इतर माल व सेवांसाठी 5 कोटी. नाटोचे सदस्य, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि न्यूझीलंड यांच्यासाठी अनुक्रमे अडीच कोटी आणि 10 कोटी. याखालच्या विक्रीला ही सूचना लागत नाही, त्यामुळे त्यावर आक्षेपाचा हा मार्गही नाही.

आता मुदत. इथेच सगळे अडकतात. वरच्या यादीतल्या देशांसाठी 15 दिवस, बाकीच्यांसाठी 30. भारत ‘प्रमुख संरक्षण भागीदार’ असला तरी या यादीत नाही, त्याला 30 दिवसच. दिवस मोजायचे ते शनिवार-रविवार धरून, औपचारिक सूचना काँग्रेसला मिळाल्यापासून. बातमी छापून आली त्या दिवसापासून मोजू नका.

आमच्या ओळखीच्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, 2024 च्या ऑगस्टमध्ये इस्रायलसाठीच्या रणगाडा तोफगोळ्यांच्या सूचनेची प्रिंट घेऊन बसल्या होत्या. 77 कोटी 41 लाख डॉलरचा आकडा लाल पेनने अधोरेखित केलेला. कॅलेंडरवर 30 दिवसांच्या फुल्या. सेनेटरच्या कार्यालयाने ट्रान्समिटल नंबर, म्हणजे त्या सूचनेचा क्रमांक, विचारला, तो त्यांच्याकडे नव्हता. नंतर कळलं की मुदत 15 दिवसांची होती आणि ती उलटली होती. काकूंनी कागद फाइलला लावून टाकला. त्यांना कुणी सांगितलं नाही की ही मुदत सरकारने थांबण्याची आहे, संसदेने बोलण्याची नाही. माल पोहोचेपर्यंत काँग्रेस कायदा करून विक्री कधीही रोखू शकते. त्याच तोफगोळ्यांविरुद्धचा ठराव सप्टेंबरअखेर दाखल झाला आणि 20 नोव्हेंबरला सेनेटमध्ये मतदान झालं, 18 विरुद्ध 79. काकूंचं पत्र ऑक्टोबरमध्येही चाललं असतं.

दार निवडताना आधी सेनेटर. सेनेटमध्ये एकटा सदस्यही ठराव मांडून तो समितीतून बाहेर काढण्यावर मतदान मागू शकतो. प्रतिनिधीगृहात ती सोय नाही, समितीने अडवलं की ठराव तिथेच पडून राहतो.

सगळ्यात कळीचा कागद मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. औपचारिक सूचनेआधी सरकार परराष्ट्र व्यवहारांशी संबंधित दोन समित्यांचे अध्यक्ष आणि तिथले विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य, अशा चौघांना अनौपचारिक कल्पना देतं. खरी अडवाअडवी इथे होते. भारताच्या 31 एमक्यू-9बी ड्रोनची 399 कोटी डॉलरची सूचना 1 फेब्रुवारी 2024 ला निघाली, ती सेनेट समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बेन कार्डिन यांच्याशी कित्येक महिने चर्चा झाल्यावर. पण ही प्रथा आहे, कायदा नाही. 2025 च्या फेब्रुवारीत प्रतिनिधीगृहाच्या समितीतले विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य ग्रेगरी मीक्स यांची हरकत असतानाही इस्रायलच्या सूचना पुढे पाठवल्या गेल्या. त्यामुळे एखाद्या देशाच्या खरेदीची चर्चा सुरू झाली की तेव्हाच लिहा, सूचनेची वाट बघू नका.

सरकारने याच कायद्यातलं आणीबाणीचं कलम लावलं तर थांबण्याचे दिवसही उरत नाहीत. 2019 च्या मे महिन्यात सौदी, अमिरात आणि जॉर्डनसाठी 22 सूचना, सुमारे 810 कोटी डॉलरच्या, अशाच एका फटक्यात गेल्या. संसदेला विचारायची वेळ नको म्हणून आणीबाणी, हे मला अजिबात पटत नाही.

पत्रात ट्रान्समिटल नंबर, देशाचं नाव आणि सूचनेची तारीख पहिल्या ओळीत घाला. नंबर काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, मिळतो. सूचनेतली रक्कम कमाल अंदाजाची असते, तिलाच सौद्याची किंमत म्हणू नका. आणि ‘मंजुरी देऊ नका’ असं लिहू नका. ‘विक्री नामंजूर करणाऱ्या संयुक्त ठरावाच्या बाजूने मत द्या’ असं लिहा.