सिम्युलेटरला जमीन सापडली तेव्हा : बुश फ्लाइटची पार्श्वभूमी

१८ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या घरच्या संगणकावर विमान उडवण्याच्या खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात ‘बुश ट्रिप’ या नावाचा एक स्वतंत्र विभाग होता. पॅटागोनिया, बाल्कन आणि नेवाडा या तीन प्रदेशांवरून छोट्या विमानाने टप्प्याटप्प्याने करायचे हे प्रवास होते. त्यांत जीपीएसचा आधार नव्हता आणि नकाशावर आपले विमान कुठे आहे हे दाखवणारी खूणही नव्हती. पुढच्या तळ्याचे किंवा नदीच्या वळणाचे वर्णन, धरायची दिशा आणि लागणारा वेळ एवढे एका टिपणात दिलेले असे, आणि बाकीचे काम डोळ्यांनी करायचे असे. महासाथीमुळे घरात अडकलेल्या असंख्य लोकांनी त्या महिन्यांत अँडीजच्या दऱ्यांतून विमाने नेली. हा प्रकार त्यांना नवा वाटला असला, तरी त्यामागे रस्ते नसलेल्या मुलुखात विमान नेणाऱ्या वैमानिकांचा आणि जमिनीवर बसून उड्डाण शिकवणाऱ्या यंत्रांचा असे दोन जुने इतिहास आहेत. हे दोन प्रवाह एकमेकांना भेटायला इतका काळ का लागला, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते विमानापेक्षा जमिनीत शोधावे लागते.

बुश फ्लाइंगची, म्हणजे रस्ते आणि विमानतळ नसलेल्या आडमुलुखातल्या उड्डाणाची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर लगेच झाली. जून १९१९ मध्ये स्टुअर्ट ग्रॅहम यांनी युद्धातून उरलेले एक कर्टिस एचएस-२एल हे पाण्यावर उतरणारे विमान नोव्हा स्कॉशियाहून क्वेबेकमधल्या लाक आ ला तोर्त्यू या तळ्यावर नेले. जंगलातले वणवे वरून हेरणे हे त्या विमानाचे काम होते. अलास्कात २१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आयेल्सन यांनी फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल पोचवले. कुत्र्यांच्या घसरगाडीला ज्या वाटेसाठी अठरा-वीस दिवस लागत, ती त्यांनी तीन तासांच्या आत कापली. जानेवारी १९२९ मध्ये वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे दोघे उघड्या कॉकपिटच्या लहानशा एव्हरो एव्हियन विमानातून एडमंटनहून फोर्ट व्हर्मिलियनला घटसर्पावरचे औषध घेऊन गेले, तेव्हा औषध गोठू नये म्हणून त्यांना विमानातच शेगडी ठेवावी लागली होती.

या लोकांचा दिवस कसा सुरू होई, हे पाहिल्याशिवाय त्यांची विमाने कळत नाहीत. उत्तरेकडच्या हिवाळ्यात रात्री इंजिन बंद केले की त्यातले तेल गरम असतानाच डब्यात काढून घ्यावे लागे, नाहीतर सकाळपर्यंत ते डांबरासारखे घट्ट होई. तो डबा रात्रभर खोपटात चुलीजवळ राही. पहाटे इंजिनावर जाड कापडाचा तंबू टाकून त्याखाली स्टोव्ह पेटवायचा, तो भडकून विमानच पेटू नये म्हणून शेजारी बसून राहायचे, इंजिन पुरेसे तापले की ऊन तेल ओतायचे आणि ते थंड व्हायच्या आत इंजिन सुरू करायचे, असा तो क्रम होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडातल्या डी हॅविलंड कंपनीने नवे विमान आखायला घेतले, तेव्हा तिने बुश पायलटांनाच प्रश्नावली पाठवून त्यांना काय हवे ते विचारले, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. त्यातून घडलेले बीव्हर १६ ऑगस्ट १९४७ रोजी प्रथम उडाले. ४५० अश्वशक्तीचे इंजिन, आडवे पिंप सरळ आत ढकलता येईल एवढे रुंद दरवाजे, आणि तेल भरण्याचे तोंड थेट कॉकपिटमध्ये, म्हणजे उडतानासुद्धा तेल घालता यावे, अशी त्याची रचना होती. १९६७ पर्यंत सोळाशेहून अधिक बीव्हर तयार झाली आणि त्यांतली कित्येक आजही तळ्यांवर उतरत आहेत.

अशा मुलुखाला ‘निर्जन’ म्हणताना मात्र जपले पाहिजे. अलास्कातल्या सुमारे चारपंचमांश वस्त्या रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेल्या नाहीत, पण तिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या दृष्टीने बुश प्लेन म्हणजे टपाल, किराणा, इंधन आणि दवाखान्याची वाट आहे. न्यू गिनीत १९३०च्या दशकात बुलोलोच्या सोन्याच्या खाणींसाठी अवजड ड्रेजरांचे (गाळ उपसणाऱ्या यंत्रांचे) सुटे भाग युंकर्स विमानांतून डोंगर ओलांडून नेले गेले, कारण किनाऱ्यापासून तिथवर गाडीरस्ता नव्हता. त्या बेटावरच्या अनेक धावपट्ट्या डोंगराच्या उतारावरच बांधलेल्या आहेत. त्यांवर चढाच्या दिशेने उतरायचे आणि उताराच्या दिशेने उडायचे असते. ही बाब पुढे सिम्युलेटरच्या संदर्भात पुन्हा येईल.

बुश पायलटाचे खरे कसब जमीन वाचण्यात असते. नव्वद नॉट, म्हणजे तासाला नव्वद सागरी मैल वेगाने जाणारे विमान वीस मिनिटांत तीस सागरी मैल जाते. दिशेत अवघी पाच अंशांची चूक झाली, तर तेवढ्या अंतरावर ते अडीच सागरी मैल, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर बाजूला पडते, आणि डोंगराळ मुलुखात साडेचार किलोमीटर बाजूला म्हणजे पुष्कळदा शेजारची दरी. त्यात होकायंत्राची भर पडते. महाराष्ट्रात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाच्या आतला फरक असल्याने सह्याद्रीत भटकणाऱ्याला त्याची आठवण ठेवावी लागत नाही. अँकरेजच्या परिसरात मात्र हा फरक पंधरा अंशांच्या आसपास आहे आणि तो विसरला तर पुढचे सगळे गणित चुकते. रसेल मेरिल यांनी १९२७ मध्ये अलास्का पर्वतरांगेतून पश्चिमेकडे जाणारी एक खिंड शोधली. तिला आज त्यांचेच नाव आहे. मेरिल स्वतः १९२९ मध्ये एका फेरीवर गेले ते परतले नाहीत. या खिंडीच्या आजूबाजूला तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण पुढे कड्यापाशी बंद होणाऱ्या दऱ्या आहेत, आणि ढग खाली आलेले असताना चुकीच्या दरीत शिरलेल्या विमानाला वळायला जागा उरत नाही. खिंडीतल्या दगडधोंड्यांत पडलेले विमानांचे अवशेष याची साक्ष देतात. दक्षिण गोलार्धातही हेच घडत होते : जून १९३० मध्ये टपाल नेणारे आन्री गियोमे वादळामुळे अँडीजमध्ये लागुना डेल दियामांतेपाशी उतरले आणि पाच दिवस बर्फातून चालत जिवंत बाहेर आले.

दुसरा प्रवाह नेमका उलट टोकापासून निघाला. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे वडिलांच्या ऑर्गन आणि पियानोच्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वाद्यांतल्या भात्यांचाच उपयोग करून डुलणारे, वळणारे एक लाकडी विमान बनवले. सुरुवातीला त्याला जत्रेतल्या खेळण्यापलीकडे फारसे कोणी मानले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर हवाई टपालाचे काम अचानक सोपवले गेले, आणि खराब हवेत केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा सराव नसल्याने थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक अपघातांत दगावले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्यांची संख्या हजारांत गेली. या यंत्राचे झाकण शिकाऊ वैमानिकाच्या डोक्यावरून ओढून बंद केले जाई, म्हणजे बाहेरचे काहीही दिसू नये. समोर फक्त काटे आणि तबकड्या असत. सिम्युलेटरचा जन्म जमीन न पाहता उडायला शिकवण्यासाठी झाला, आणि बुश पायलटाचे सारे आयुष्य जमीन पाहण्यात जात होते. पुढची पन्नास वर्षे हे अंतर फारसे कमी झाले नाही.

घरगुती संगणकावर उड्डाण आणण्याचे श्रेय ब्रूस आर्टविक यांना जाते. इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये त्यांनी संगणकाने काढलेल्या उड्डाणदृश्यावर प्रबंध लिहिला आणि पुढे सबलॉजिक कंपनीमार्फत ॲपल-२ साठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर आणला. त्यातले सगळे जग म्हणजे रेघांनी आखलेले सहा गुणिले सहा चौकटींचे मैदान आणि त्याच्या एका कडेला त्रिकोणी डोंगर एवढेच होते. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने निघालेल्या आवृत्तीत सेसना १८२ विमान आणि शिकागो, सिॲटल, लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क-बोस्टन असे चार परिसर आले. शहरांपासून सुरुवात होणे साहजिकच होते. उंच इमारत किंवा पूल चार रेघांत ओळखू येतो, पण दोन ओढ्यांमधली सोंड चार रेघांत ओळखता येत नाही. त्या काळच्या सिम्युलेटरमध्ये शहर सोडून बाहेर पडले की सपाट हिरवा पसारा लागे आणि त्यात वाट चुकण्यासारखेही काही नसे.

हे बदलायला जमिनीची मोजणी व्हावी लागली. १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या जीटोपो-३० या जागतिक उंची-नकाशात दोन मोजमापांमधले अंतर साधारण एक किलोमीटर होते. एवढ्या जाळीतून पर्वतरांग दिसते, पण खिंड निसटते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीची उंची मोजली आणि जाळी तीस मीटरपर्यंत बारीक झाली, जरी अमेरिकेबाहेरच्या भागांसाठी सुरुवातीला नव्वद मीटरचीच माहिती खुली होती. मात्र यानाच्या कक्षेमुळे ही मोजणी साठ अंश उत्तर अक्षांशापाशी थांबली. अँकरेज, फेअरबँक्स, मॅकग्राथ, मेरिल खिंड, कॅनडाचा सारा उत्तर भाग, म्हणजे बुश फ्लाइंगचा मोठा मुलुखच त्या रेषेच्या पलीकडे राहिला. अलास्काचे बहुतेक भूनकाशे तेव्हा एका इंचाला एक मैल या प्रमाणातले आणि जुन्या मोजणीवर आधारलेले होते. विमानातून रडारने त्या राज्याची पाच मीटर जाळीची नवी मोजणी २०१०च्या दशकात झाली.

दरम्यान सिम्युलेटर आपल्या परीने पुढे सरकत होते. ऑस्टिन मेयर यांच्या १९९५ च्या एक्स-प्लेनने पंखाचे तुकडे पाडून प्रत्येकावरचे हवेचे बल मोजण्याची पद्धत आणली. मायक्रोसॉफ्टच्या २००० च्या आवृत्तीत जगभर उंचसखल जमीन आली, २००२ च्या आवृत्तीत आपोआप उगवणारी झाडे आणि घरे आली. ऑक्टोबर २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये तरंगत्या पायांचे बीव्हर, मौल आणि ग्रुमन गूस ही खास आडवाटेची विमाने मिळाली, आणि आग्नेय अलास्काचे फ्योर्ड (कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) व बेटे हौशी मंडळींनी स्वतः मेहनतीने रेखाटून त्यात बसवली. मला हा काळ फार महत्त्वाचा वाटतो, कारण या हौशी लोकांनीच जंगल हाच प्रवासाचा विषय होऊ शकतो हे दाखवले. तरीही त्या प्रणालीत विमानतळ सपाटच असावा लागे, त्यामुळे न्यू गिनीची उतरती धावपट्टी डोंगरात खोचलेल्या फळीसारखी दिसे आणि चढावर उतरण्याचे कसब तिथे निरुपयोगी ठरे. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने फ्लाइट सिम्युलेटर बनवणारा आपला विभागच बंद केला. २०१२ मध्ये आलेल्या ‘फ्लाइट’ या खेळाला हवाईनंतर अलास्काची जोड मिळाली खरी, पण जुलैमध्ये त्याचेही काम थांबले.

२०२० च्या आवृत्तीत फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या असोबो स्टुडिओने बिंगच्या नकाशांची उपग्रहचित्रे, उंचीची मोजणी आणि चित्रातला कोणता ठिपका झाड आहे, कोणता घर, हे ओळखणारी गणिती पद्धत एकत्र आणली. ही माहिती सुमारे दोन पेटाबाइट (जवळजवळ वीस लाख गिगाबाइट) असल्याने ती घरच्या संगणकात न साठवता उडता उडता मागवली जाते. दरीला दरीचे आणि सोंडेला सोंडेचे रूप आले, धावपट्ट्यांना उतार मिळाला आणि कोणत्याही वाळवंटावर किंवा गवताच्या तुकड्यावर उतरता येऊ लागले. टिपणात ‘दोन नद्या मिळतात तिथून डाव्या नदीच्या काठाने’ असे लिहिता येण्यासाठी त्या दोन नद्या खरोखर तिथे असाव्या लागतात, आणि ती अट आता प्रथमच जगभर बऱ्याच अंशी पूर्ण झाली होती. नोव्हेंबर २०२२ च्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत बीव्हर आणि गूस पुन्हा आली.

उणिवा उरल्या आहेत, आणि त्या नेमक्या दूरच्या प्रदेशातच जास्त आहेत. उंचीची मोजणी एका स्रोतातून आणि चित्र दुसऱ्यातून आलेले असले, की नदी टेकडी चढताना दिसते. उत्तरेकडे चित्रे भरड असतात, त्यांत ढगांच्या सावल्या आणि अर्धवट वितळलेले बर्फ असते. अलास्कातल्या नद्यांचे रेतीगोट्यांचे पट्टे, ज्यांवर सुपर कब सारखी विमाने मोठ्या फुग्यासारख्या चाकांवर उतरतात, दर वसंतात बर्फ वितळून पूर आला की जागा बदलतात. म्हणून तिथला वैमानिक ओळखीच्या पट्ट्यावरसुद्धा आधी कमी उंचीवरून एक-दोन फेऱ्या मारतो, ओंडके, खळगे आणि ओल पाहतो, कधी चाके नुसती टेकवून जमीन घट्ट आहे का ते अजमावतो आणि मगच उतरतो. सिम्युलेटरमधला पट्टा मात्र उपग्रहाने चित्र घेतले त्या दिवशी जिथे होता तिथेच असतो.