राष्ट्रपतींची अनुमती

संसदेने किंवा राज्य विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकाला कायद्याचे रूप देणारी राष्ट्रपतींची संमती. बोलण्यात तिला ‘राष्ट्रपतींची सही’ म्हणतात. संविधानाच्या मराठीत शब्द ‘अनुमती’ असा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला या सहीचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. ३१ ऑगस्ट १९५६ रोजी राज्य पुनर्रचना विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आणि १ नोव्हेंबरपासून, चंदगड तालुका वगळून, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. सीमाभागात १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात तो अंमल सुरू झाल्याचा, सहीचा नव्हे.

संसदेच्या विधेयकाबाबत अनुच्छेद १११ नुसार राष्ट्रपती तीन गोष्टी करू शकतात : अनुमती देणे, रोखून ठेवणे किंवा फेरविचारासाठी संदेशासह परत पाठवणे. धन विधेयक, म्हणजे केवळ कर आणि सरकारी खर्चासारख्या विषयांचे विधेयक, परत पाठवता येत नाही. परत गेलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केले, दुरुस्तीसह असो वा जसेच्या तसे, तर अनुमती द्यावीच लागते. घटनादुरुस्तीच्या विधेयकाला तर १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून नकाराची सोयच उरलेली नाही. शिवाय राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे दिल्लीत नकाराचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. संविधानात मुदत लिहिलेली नसल्याने हे जमले. यालाच ‘पॉकेट व्हेटो’ म्हणतात. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यांना सही करावी लागली.

राज्याच्या विधेयकांची वाट निराळी आहे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशनात मंजूर झालेले विधेयक राज्यपालांकडे जाते, राष्ट्रपतींकडे नव्हे. (त्या इमारतीचे उद्घाटन मात्र २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी केले.) राज्यपालांनी ते अनुच्छेद २०० खाली राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले, तरच दिल्लीचा प्रवास सुरू होतो. आणि तिथे राष्ट्रपतींचे, म्हणजे खरे तर केंद्र सरकारचे, हात बरेच मोकळे असतात. परत आलेले विधेयक विधिमंडळाने सहा महिन्यांत पुन्हा मंजूर केले तरी अनुच्छेद २०१ नुसार अनुमतीचे बंधन नाही. संसदेला जो हक्क आहे तो राज्याला नाही. संघराज्याच्या गप्पा मारताना हे सहसा विसरले जाते.

मग विधेयक राखून ठेवायचे कशाला? याचे उत्तर बैलगाडा शर्यतींत सापडते. प्राण्यांवरील क्रूरता रोखणे हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, आहे आणि त्यावर केंद्राचा १९६० चा कायदा आहे. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतील जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर शर्यतीही बंद केल्या. अशा विषयात राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो टिकत नाही. राष्ट्रपतींची अनुमती असेल तर अनुच्छेद २५४(२) मुळे त्या राज्यापुरता टिकतो. म्हणून तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिघांनीही २०१७ मध्ये दुरुस्त्या करून अनुमती मिळवली. कर्नाटकाच्या दुरुस्तीत कंबळ्याबरोबर (चिखलातील रेड्यांची शर्यत) बैलगाडा शर्यतही आहे. तरीही सहीने सगळे मिटले असे झाले नाही. महाराष्ट्रात न्यायालयीन स्थगितीमुळे डिसेंबर २०२१ पर्यंत गाडे उभेच राहिले. अखेर १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही कायदे वैध ठरवले. अनुमती केंद्राच्या कायद्यापासून वाचवते, न्यायालयापासून नाही.

अनुमतीला मुदत असावी का, हा वाद अलीकडे पेटला. राज्यपालांनी विधेयके अडवून ठेवल्याच्या तमिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींसाठी तीन महिन्यांची मुदत सांगितली. त्यावर राष्ट्रपतींनीच न्यायालयाचे मत मागवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले, की न्यायालय अशी मुदत घालू शकत नाही आणि अनुमती ‘मिळाली असे मानणे’ही घटनेत बसत नाही.

सीमाभागात विधेयक आणि ठराव यांची नेहमी गल्लत होते. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाने २२ तारखेला बेळगावात आणि महाराष्ट्राने २७ ला नागपुरात सीमाप्रश्नावर ठराव केले. असे ठराव अनुमतीसाठी जात नाहीत आणि त्यांनी एकही गाव इकडचे तिकडे होत नाही. हद्द बदलायची तर अनुच्छेद ३ खाली संसदेचाच कायदा लागतो. ते विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडताच येत नाही. त्याआधी संबंधित विधिमंडळांचे मत मागवावे लागते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. म्हणजे या एका कामात राष्ट्रपती आरंभीही येतात आणि अखेरीसही. महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यात आव्हान दिले आहे ते १९५६ च्या त्याच कायद्यातील तरतुदींना.