एक व्होल्ट, एक सप्तक: मोग सिंथेसायझरच्या पोटात काय आहे?

१९६४ च्या उन्हाळ्यात हर्बर्ट डॉइच नावाचे संगीतकार न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या छोट्या गावी जाऊन राहिले. तिथे तिशीतले रॉबर्ट मोग थेरेमिनचे सुटे भाग विकायचा धंदा करत होते. थेरेमिन हे हात न लावता, अँटेनांजवळ हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य. मोग यांची कॉर्नेल विद्यापीठातली पीएच.डी. तेव्हा पूर्ण व्हायची होती. डॉइच यांचं गाऱ्हाणं साधं होतं. इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं म्हणजे ध्वनिफितीचे तुकडे ब्लेडने कापायचे, एकमेकांना चिकटवायचे आणि मिनिटभराच्या रचनेसाठी दिवसचे दिवस घालवायचे.

आवाज काढणारी यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. ऑसिलेटर, म्हणजे एका लयीत हेलकावणारं व्होल्टेज तयार करणारी यंत्रं, प्रयोगशाळांमध्ये कित्येक वर्षं होते. नॉब फिरवला की सूर वर-खाली व्हायचा. अडचण त्या नॉबचीच होती, कारण माणसाचा हात किती वेगाने आणि किती अचूक फिरणार? मोग यांनी नॉबच्या जागी व्होल्टेज आणलं. ऑसिलेटरचा सूर, अ‍ॅम्प्लिफायरचा जोर आणि आवाज गाळणाऱ्या फिल्टरचा नाद या तिन्ही गोष्टी बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजने बदलतील अशी मंडलं (सर्किट) त्यांनी बांधली. आता एक ऑसिलेटर दुसऱ्याचा सूर हलवू शकत होता. सेकंदाला पाच-सहा वेळा हेलकावणारं व्होल्टेज सूर ठरवणाऱ्या जागी जोडलं, तर स्वरात कंप येतो. तीच वायर उपटून अ‍ॅम्प्लिफायरला लावली, तर आवाज लहान-मोठा होऊ लागतो, आणि फिल्टरला लावली तर वाद्य ‘वाव-वाव’ करायला लागतं. माझ्या मते मोग यांचं खरं काम हे आहे. त्यांनी एखादा नवा आवाज शोधला म्हणण्यापेक्षा यंत्राच्या सगळ्या भागांना एक सामाईक बोली दिली.

स्वर सुरू कसा व्हावा, टिकावा कसा, विरावा कसा, हेसुद्धा व्होल्टेजवरच सोपवलं होतं. त्याच्या पहिल्या चाचणीसाठी दारावरच्या घंटीचं बटण वापरलं होतं, असं डॉइच सांगत. पुढे कोलंबिया-प्रिन्स्टन या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्राचे व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी स्वराच्या या चढउताराचे चार टप्पे मागितले. आजच्या बहुतेक सिंथेसायझरांवर ते चार नॉब सापडतात.

पण व्होल्टेज आणि सूर यांचं नातं कसं असावं? आपला कान बेरीज करत नाही, गुणाकार करतो. मध्य सप्तकाचा सा २४० हर्ट्झ धरला तर तार सा ४८० आणि त्यावरचा सा ९६० हर्ट्झ. पहिलं अंतर २४० चं, दुसरं ४८० चं, तरी कानाला दोन्ही एकेक सप्तकच वाटतात. म्हणजे असं मंडल हवं की व्होल्टेजमध्ये ठरावीक भर घातली की वारंवारता दुप्पट व्हावी. हे काम सिलिकॉन ट्रान्झिस्टर जन्मजातच करतो. त्याच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमधलं व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढवलं की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. आणखी १८ वाढवा, पुन्हा दुप्पट. ट्रान्झिस्टर काही संगीतासाठी घडवलेला नव्हता, त्यामुळे हा योगायोग मला अजूनही नवलाचा वाटतो. मोग यांनी प्रमाण ठरवलं: एक व्होल्टला एक सप्तक. मग कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये व्होल्टचा बारावा भाग येतो. काळी चारमधली चीज काळी पाचमध्ये न्यायची असेल, तर सगळ्या स्वरांत एक षष्ठांश व्होल्ट मिळवायचा, झालं. दोन स्वरांमधल्या व्होल्टेजला उडी न मारू देता सरकत नेलं तर मींड मिळते, जी संवादिनीला कधीच जमली नाही.

कीबोर्ड असायलाच हवा होता का, हा वेगळा वाद. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुखला व्होल्टेजवरच चालणारं वाद्य बांधत होते आणि त्यांनी पियानोसारख्या पट्ट्या मुद्दाम टाळून स्पर्शाच्या पाट्या बसवल्या. विचार म्हणून बुखला अधिक धाडसी होते, पण दुकानात खपला तो मोग.

ट्रान्झिस्टरच्या याच गुणात मोग वाद्यांचं दुखणंही आहे. ते १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात. एका अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का फरक पडतो. मंडलात भरपाई केली नाही, तर पाच अंश उष्णता वाढल्यावर एका सप्तकात जवळजवळ २० सेंटची (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) चूक येते, म्हणजे जवळपास एका लहान श्रुतीएवढी. सप्तकं वाढली की चूकही वाढत जाते. भरपाईचे उपाय होते, पण ते अपुरे पडत. वाद्य आधी चालू करून तापू द्यायचं आणि मग सुरात लावायचं, ही वादकांची सवय त्यातूनच आली. अमेरिकी संगीतकार वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली जर्मन संगीतकार बाखच्या रचनांची तबकडी याच वाद्यावर केली. वाद्य एका वेळी एकच स्वर काढी, म्हणून एकेक ओळ वेगळी ध्वनिमुद्रित करून त्या एकमेकींवर रचायच्या, आणि मधल्या वेळात पुन्हा पुन्हा सूर लावायचा. तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, तीन ग्रॅमी मिळाले. अ‍ॅलन पर्लमन यांच्या एआरपी कंपनीने पुढे एकाच चिपवरचे जुळे ट्रान्झिस्टर वापरून सूर बराच स्थिर केला आणि मोगला चांगलाच घाम फोडला.

तरी मोगच्या फिल्टरला तोड नव्हती. एआरपीनेही एका वाद्यात त्याची नक्कल केली आणि नंतर ती बदलावी लागली. फिल्टर म्हणजे काय ते स्वतःच्या तोंडाने करून पाहा. एकाच सुरात ‘आ’ म्हणा आणि सूर न बदलता ओठ आवळत ‘ऊ’वर या. गळा तोच सूर देतोय, तोंडाची पोकळी त्यातले वरचे उपस्वर कमी करतेय. सिंथेसायझरमध्ये गळ्याचं काम ऑसिलेटर करतो. त्याच्या करवतीदार तरंगात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर ठासून भरलेले असतात. त्यातले नको ते फिल्टरने काढून टाकायचे.

मोग यांनी ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचल्या आणि प्रत्येक पायरीला एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) दिला. अशा चार पायऱ्या. ठरवलेल्या वारंवारतेच्या बऱ्याच वर गेलं की दर सप्तकाला एक पायरी आवाज निम्मा करते. चार मिळून सोळाव्या भागावर आणतात. बाहेर पडलेला संकेत उलटा करून पुन्हा आत सोडला की त्या सीमेजवळचा नाद टोकदार होतो, आणि पुरेसा सोडला तर फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवू लागतो. याचं पेटंट त्यांना १९६९ साली मिळालं.

१९७० मध्ये मिनिमोग हे आटोपशीर वाद्य आलं. अभियंते बिल हेमसाथ यांनी त्याचा पहिला नमुना उरल्यासुरल्या भागांतून जुळवला होता. वायरींचं जंगल गेलं, तीन ऑसिलेटर आणि फिल्टर एका पेटीत आतूनच जोडले गेले, शेजारी सूर वाकवायचं चाक आलं. यात ऑसिलेटरांचा संकेत फिल्टरमध्ये ठरवल्यापेक्षा जास्त जोराने जात होता. ट्रान्झिस्टर गुदमरून तरंगांची टोकं गोल करत, नवे उपस्वर मिसळत. मिनिमोगच्या खर्जाला जे मांसलपण आहे ते बरंचसं यातून येतं.

भारतात मोग फार लवकर पोचला. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोगचा स्टुडिओ उभा केला. त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. काही वर्षं तिथे रचना झाल्या आणि फिती कपाटात गेल्या. त्या पुन्हा उजेडात यायला चार दशकांहून अधिक काळ गेला. आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासात या प्रकरणाला पानभर तरी जागा हवी होती.

मोग यांची कंपनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच दुसऱ्यांच्या हाती गेली, १९७७ मध्ये ते स्वतः बाहेर पडले, आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त, पक्क्या सुराच्या डिजिटल वाद्यांनी बाजार घेतला. नाव परत मिळाल्यावर २००२ मध्ये त्यांनी मिनिमोगचा नवा अवतार काढला. २००५ साली ते वारले. आता तोच आवाज संगणकात गणिताने उभा करतात. सगळ्यात त्रास देतो तो गुदमरणारा फिल्टर, कारण चार पायऱ्यांचं साधं गणित तिथे पुरत नाही. आणि अशा बऱ्याच प्रोग्रामांमध्ये सूर थोडासा ढळवणारा एक वेगळा नॉबही दिलेला असतो.